बिघडलेल्या घोषणा

हे गेले त्यानंतरच्या महिन्यातली गोष्ट. मी ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते आणि कोपऱ्यावरून यांचा आवाज आला. "शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या वसमत शहरात..." मी ताट टाकून फाटकाकडे धावले. भोंगा लावलेला ऑटो होता. बियाण्याच्या दुकानाची जाहिरात, यांनीच मागे कधीतरी भरून दिलेली. ऑटोवाला नवा होता, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला धावत आलेली पाहून त्याने ऑटो थांबवला आणि कुठं जायचंय म्हणून विचारलं. मी नुसताच हात हलवला. ऑटो पुढच्या गल्लीत वळला आणि मी सांडलेले तांदूळ गोळा करायला परत आले.

हे म्हणजे माझे यजमान. हायस्कूलमध्ये मराठी शिकवायचे आणि शाळा सुटली की गावाच्या घोषणा भरून द्यायचे. साड्यांचा सेल, हळदीचं बेणं, उद्या नळाला पाणी येणार नाही, कुणाची तरी म्हैस हरवली आहे. वसमतमध्ये यांचा चेहरा ओळखणारे थोडे असतील, आवाज ओळखणारे सगळे. मी चिडवायची, की तुम्ही घरात कमी आणि लोकांच्या ऑटोत जास्त असता. यावर हे हसायचे आणि परत माईकसमोर जाऊन बसायचे.

पुढच्या हंगामाला त्या दुकानदाराने दुसऱ्या कुणाचा तरी आवाज भरून घेतला. त्याचंही चूक नाही, वाण बदललं होतं, जाहिरात बदलली होती. पण मग यांचा आवाज उरला तो फक्त आमच्या आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरमध्ये. मोबाईलमध्ये नव्हता का, असं सगळे विचारतात. हे शेवटपर्यंत साधा फोन वापरायचे. माझ्या मोबाईलमध्ये यांचे दोनेक व्हिडिओ आहेत, त्यांत हे कुणाच्या तरी लग्नात जेवताहेत आणि मागे बँड वाजतोय.

कॉम्प्युटरमध्ये यांनी दोन फोल्डर केले होते, पक्के आणि कच्चे. पक्क्यांत तयार घोषणा. कच्च्यांत बिघडलेल्या. घोषणा भरताना हे पंखा बंद करायला लावायचे, खिडकी लावायचे, दाराच्या फटीला सतरंजी लावायचे, आणि तरीही नेमकी माझ्या कुकरची शिट्टी व्हायची. मग हे घोषणा सोडून माझ्याशी बोलायचे. ते सगळं आत भरलं जायचं. बिघडलेली पुसून टाकायचा यांना कंटाळा, म्हणून ती कच्च्यांत पडून राहायची. पक्क्या घोषणा मला नको होत्या. त्या गावासाठी होत्या. मला कच्च्या हव्या होत्या, कारण त्यांत हे माझ्याशी बोलत होते.

पण कॉम्प्युटरला मी कधी हात लावलेला नव्हता. तो यांचा, आणि कुकर माझा, अशी आमची वाटणी होती.

मला कॉम्प्युटर शिकवला तो भाईंनी. भाईंचं बाजारपेठेत दुकान आहे. त्यांच्या वडलांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता, भाईंनी त्याच जागेत कॉम्प्युटर दुरुस्ती सुरू केली. यांच्यात आणि भाईंच्यात वयाचं अंतर बरंच, पण दोघांचं गूळपीठ होतं. घोषणा भरायला कॉम्प्युटर वापरा, हे यांच्या डोक्यात भाईंनीच भरवलं. हे गेल्यावर नातेवाईक तेराव्यानंतर आपापल्या गावी गेले. भाई मात्र अधूनमधून दुपारी यायचे, चहा घ्यायचे आणि जाताना विचारायचे, काही तकलीफ आहे का. एकदा मी म्हटलं, आहे. मला यांचा आवाज ऐकायचा आहे आणि तो पेटारा मला उघडत नाही.

भाईंनी आधी सगळं मुळापासून सांगितलं, जसं मी पहिलीच्या मुलांना सांगायची तसं. कॉम्प्युटर स्वतः काही जाणत नाही. आपलं ऐकून त्याच्याकडून काम करून घेणारा एक कारभारी आत लागतो, तो म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. लोकांकडे बहुतेक विंडोज असतं. आमचा कॉम्प्युटर म्हातारा झाला होता, म्हणून भाईंनी त्यात हलकंसं लिनक्स घालून दिलं होतं. समोर दिसतो तो डेस्कटॉप, म्हणजे टेबल. टेबलावर चित्रं असतात, बाणाने त्यांच्यावर जायचं आणि माऊस दोनदा पटकन दाबायचा.

तो माऊस काही माझ्या हाताला वळला नाही. मी एकदा दाबायची, मग बरोबर दाबलं का ते बघायची, मग दुसऱ्यांदा दाबायची. तोवर वेळ गेलेली. बाण कधी टेबलाच्या कडेला जाऊन बसायचा, कधी सापडायचाच नाही. मला राग यायचा. मी माऊस आपटला तेव्हा भाई घाबरले असावेत, कारण त्यांनी तो हळूच माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाले, तुमी लिवणाऱ्या माणूस, तुमी याला लिहूनच हुकूम सोडा. मग त्यांनी तीन बटणं एकदम दाबली आणि एक काळी चौकट उघडली. तिच्यात एक ओळ आणि ओळीच्या शेवटी लुकलुकणारी उभी रेघ. याला टर्मिनल म्हणतात.

ते मला पहिल्या दिवसापासून आवडलं. उभा जन्म मी लेकरांना हुकूम सोडले आहेत. बाळापूरच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवायची, रोज एसटीने जायची-यायची. बस, ऊठ, पाटी दाखव. इथेही तसंच. पी डब्ल्यू डी लिहिलं की आपण कुठल्या फोल्डरमध्ये उभे आहोत ते कळतं. एल एस लिहिलं की तिथे काय काय आहे ते दिसतं. सी डी लिहून पुढे फोल्डरचं नाव लिहिलं की आपण त्यात जातो. सी पी म्हणजे नक्कल. आर एम म्हणजे पुसून टाकणे, आणि ते शिकवायला भाईंनी साफ नकार दिला. इंग्रजी मोठं अक्षर आणि लहान अक्षर वेगळं धरतात, एक जागा कमी पडली तरी चालत नाही. भाईंना वाटलं मी कंटाळेन. मी कशाला कंटाळते, मी आयुष्यभर मुलांच्या वेलांट्या तपासल्या आहेत.

एक गोष्ट मला विचित्र वाटली. काम नीट झालं तर टर्मिनल काहीच बोलत नाही. झालं, असंसुद्धा म्हणत नाही. नुसती पुढची ओळ येते. चुकलं तरच बोलतं. भाई म्हणाले, गप बसला की समजायचं, काम बराबर झालं. मी म्हटलं, मग हा कारभारी अगदी या घराला शोभणारा आहे.

आता जे सांगायचं ते जरा अवघड आहे. मी यांचं नाव घेत नाही. शिकलेली बाई, इतकी वर्षं नोकरी केली आणि हे काय, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. आमच्याकडे घेत नव्हते, मीही घेतलं नाही, आणि पुढे ते तोंडात येईचना. लग्नात उखाण्यात घेतलं, तेही नणंदांनी दार अडवलं म्हणून. शाळेत माझ्या वर्गात एकदा यांच्याच नावाचा मुलगा आला. मी त्याला वर्षभर आडनावाने हाक मारली. त्याच्या आईने येऊन विचारलं, माझ्या लेकराला तुमी पोलिसावानी आडनावानं काहून बोलावून राहिलात? मी हजेरीपत्रक पुढे ओढलं. मूल असतं तर मी यांना अमक्याचे बाबा म्हटलं असतं. आम्हाला मूलबाळ झालं नाही. हे मला अगं म्हणायचे, मी यांना अहो म्हणायची, तेवढ्या दोन शब्दांवर आमचा संसार झाला.

फॉर्मवर, रेशनकार्डावर मी यांचं नाव लिहिलेलं आहे, ते तोंड मिटून, दात आवळून लिहिता येतं. पण या कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर मला ते जमत नाही. पहिलीच्या मास्तरणीला प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणत लिहायची सवय लागते. कीबोर्डवर तर मला एकेक अक्षर शोधावं लागतं, म्हणून शोधते ते तोंडानेही म्हणते. आणि लिनक्समध्ये प्रत्येक माणसाचं घर वेगळं असतं. होम नावाचा वाडा, त्यात ज्याच्या त्याच्या नावाची खोली. कच्च्यांपर्यंत जायचं तर यांचं नाव लिहिणं आलं, म्हणजे माझ्या बाबतीत नाव घेणं आलं.

मी तिथे येऊन अडायची. बोटं नुसती तरंगत राहायची. भाईंच्या ते लक्षात आलं की नाही, मला माहीत नाही, पण त्यांनी मला एक आडवाट दाखवली. एकच्या आकड्याच्या डाव्या बाजूला एक बटण आहे, शिफ्टबरोबर दाबलं की नागमोडी रेघ उमटते. ती रेघ म्हणजे घर. सगळा पत्ता लिहायची गरज नाही, नुसती रेघ काढली तरी कारभाऱ्याला कळतं.

मला हायसं वाटलं. नाव न घेता माणसाकडे जायची सोय कॉम्प्युटर करणाऱ्यांनीही ठेवली होती. त्यानंतर मी रोज दुपारी भांडी झाली की आत जाऊन बसायची, नागमोडी रेघ काढायची, कच्च्यांत जायची आणि एक घोषणा ऐकायची. एकच. सगळ्या ऐकून संपल्या तर पुढे काय करायचं, ही मला भीती होती. एकीत हे पंखा बंद कर म्हणाले. एकीत माझ्या मंगळसूत्राचा आवाज येतोय म्हणाले, आणि मी काढून ठेवू का म्हणून विचारलं तर घाबरून नको नको म्हणाले. ऐकून झालं की मी पंखा लावायची आणि पडून राहायची. सबंध दिवसात माणसाचा आवाज तेवढाच.

एकदा भाईंनी मला एक नवा हुकूम शिकवला, मी कोण असं विचारायचा. हू ॲम आय, तिन्ही शब्द जोडून. मी लिहिलं आणि कॉम्प्युटरने खाली यांचं नाव छापलं. कारण तो यांच्या नावानेच सुरू व्हायचा. मी कोण म्हणून विचारलं आणि उत्तरात हे आले. मला त्याचं इतकं बरं वाटलं की मी भाईंसमोर तो हुकूम परत एकदा लिहिला.

पुढे पावसाळ्यात लाईटचा खेळ सुरू झाला. एका दुपारी लाईट गेली, आली, परत गेली, आणि त्यानंतर यांच्या नावाने कॉम्प्युटर उघडेना. आत जायचा आणि निळा पडदा दाखवून बसायचा. भाई दुसऱ्या दिवशी सकाळीच आले, पण घाईत होते. त्यांच्या बहिणीचं हृदयाचं ऑपरेशन हैदराबादला ठरलं होतं आणि त्यांना गाडी पकडायची होती. त्यांनी भराभर काहीतरी केलं आणि माझ्या नावाची नवी खोली उघडून दिली. सरांची खोली आत जशीच्या तशी आहे, फक्त आता तुम्ही तुमच्या नावाने आत यायचं, असं सांगून ते गेले.

ते गेल्यावर मी काळी चौकट उघडली आणि मी कोण म्हणून विचारलं. त्याने माझं नाव छापलं. बरोबरच होतं. पण मला ते मुळीच आवडलं नाही. माझं नाव घेऊन हाक मारणारं शेवटचं माणूस म्हणजे माझी आई, ती जाऊनही आता खूप वर्षं झाली. गावाला मी बाई, यांना मी अगं. आणि आता हा पेटारा मला नावाने बोलवायला लागला, तेही यांना बाजूला सारून. मी रुसले. कॉम्प्युटरवर कुणी रुसतं का, पण मी रुसले आणि त्याला झाकण घालून ठेवलं.

काही दिवसांनी झाकण काढून तो चालू केला तेव्हा आत आवाज येत होता. कट, थोडा वेळ थांबून परत कट. मी भाईंना फोन लावला. ते दवाखान्याच्या व्हरांड्यात होते, मागे कुणाच्या तरी नंबरचा पुकारा चालला होता. मी मोबाईल कॉम्प्युटरजवळ धरला. भाई ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "बाई, डिस्क चालली. आता बंद झाली तर परत चालू होईल का न्हाई, सांगता येत न्हाई."

"आणि यांच्या घोषणा?"

"म्हणून तर सांगून राहिलो. पेनड्राइव्ह लावा. निवडत बसू नका, सरांचं सगळं घरच उचला."

यांचा पेनड्राइव्ह खणात होता, तो मी लावला. भाई एकेक अक्षर सांगत गेले आणि मी लिहीत गेले. सी पी, जागा, वजा, आर, जागा. तिरकी रेघ, होम, तिरकी रेघ. आणि मग ते म्हणाले, इथं सरांचं नाव टाका.

माझी बोटं थांबली. फोन कानाशी होता, भाई ऐकत होते, मी लिहिते तसं बोलते हे त्यांना ठाऊक होतं. मला वाटलं, कशाला. आपल्याकडे रेघ आहे की. मी तिरकी रेघ आणि होम एवढंच खोडलं आणि तिथे नागमोडी रेघ काढली. पुढे पेनड्राइव्हचा पत्ता भाईंनी सांगितला तसा लिहिला आणि एंटर दाबलं. लगेच पुढची ओळ आली. इतक्या लवकर झालं याचं मला कौतुक वाटलं.

"काही बोलला का?" भाईंनी विचारलं.

"न्हाई."

"मंग झालं बराबर. आता बंद करा, मी येईस्तोवर चालू करू नका."

मी कॉम्प्युटर बंद केला. पेनड्राइव्ह एका रुमालात बांधून देवघराच्या खणात ठेवला. त्यानंतरचे दिवस मी फार निवांत होते. कळमनुरीच्या नणंदेकडे दोन रात्री राहून आले, तिनं आग्रह केला तरी तिसऱ्या दिवशी थांबले नाही, घरी यायची घाई होती. घरी कुणी नव्हतं, पण घरात खणात रुमाल होता.

भाई परतले ते बहिणीला घरी सोडूनच. त्यांनी मला दुकानात बोलावलं. मी कॉम्प्युटर ऑटोत घालून नेला, पेनड्राइव्ह पदरात बांधून नेला. भाईंनी नवी डिस्क काढून ठेवली होती. जुनी फेकायची का, म्हणून त्यांचा नोकर विचारत होता. भाई म्हणाले थांब, आधी बघू, आणि त्यांनी पेनड्राइव्ह आपल्या कॉम्प्युटरला लावला.

आत माझ्या नावाचं फोल्डर होतं. त्यात चित्रांचं फोल्डर, गाण्यांचं फोल्डर, कागदपत्रांचं फोल्डर, नवी खोली उघडली की कारभारी आपोआप मांडून ठेवतो ती. भाईंनी एकेक उघडलं. सगळी रिकामी.

त्यांनी मला विचारलं, नक्की काय लिहिलं होतं. मी सांगितलं.  मग त्यांनी समजावलं, की नागमोडी रेघ म्हणजे सरांचं घर नव्हे. जो बसला आहे त्याचं घर. सरांच्या नावाने कॉम्प्युटर उघडत होता तोवर ते सरांचं होतं. खोली बदलली तशी रेघही बदलली. मी माझंच घर उचलून नेलं होतं, आणि त्यात काही नव्हतं. कारभाऱ्याच्या लेखी हुकुमात काही चूक नव्हती, म्हणून तो गप्प बसला.

"काहून नाव न्हाई टाकलं, बाई?" भाई हळू आवाजात म्हणाले.

मी पदराची सुटलेली गाठ परत बांधायला लागले. मला स्वतःची इतकी चीड आली होती की बोलले असते तर रडले असते, आणि दुकानात गिऱ्हाइकं होती. भाईंनी परत विचारलं नाही. नंतर एकदा बोलताना त्यांनी सांगितलं, की त्यांची अम्मीसुद्धा अब्बांना सुनो म्हणायची, आणि कचेरीत नाव विचारलं की भाईंना पुढे करायची.

मग त्यांनी जुनी डिस्क बाहेर काढून तारांनी आपल्या कॉम्प्युटरला जोडली. ती फिरेना. आडवी ठेवली, पालथी ठेवली, शेवटी उभी धरली तेव्हा घरघर सुरू झाली. हात थोडा कलला की बंद पडायची. भाईंनी ती दोन्ही हातांत धरली आणि श्वास रोखल्यासारखे उभे राहिले. नोकर बाहेर कुणाला तरी सामान दाखवत होता. भाई मला म्हणाले, "मी सोडू शकत न्हाई. तुमी लिवा. आता सगळं नको, फक्त ते कच्चे."

मी खुर्चीवर बसले. सी पी लिहिलं. वजा आर लिहिलं. त्या जुन्या डिस्कचा लांबलचक पत्ता भाई सांगत गेले आणि मी बोलत बोलत लिहीत गेले, होमपर्यंत आले. तिथे ते बोलायचे थांबले आणि त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

मी यांचं नाव घेतलं. एकेक अक्षर, मोठ्याने, जसं पहिलीच्या पोरांकडून वाचून घेतात तसं, आणि संपल्यावर सवयीने अख्खा शब्द एकदा म्हटला. लाजले नाही, काही नाही. राग मात्र आला. इतकं सोपं होतं तर हे जिवंत असताना एकदा तरी आपणहून म्हणायला काय झालं होतं, आणि त्या दिवशी फोनवर म्हणायला काय झालं होतं.

एंटर दाबलं. या वेळी कारभारी गप्प बसला नाही. एकाखाली एक ओळी येत गेल्या, प्रत्येक ओळीत एका घोषणेचं नाव आणि पुढे ती वाचता येत नाही अशी तक्रार. साडी सेल, नाही. पाणीपुरवठा, नाही. हळद बेणं, नाही. बाहेर मिरवणुकीसाठी कुणी तरी स्पीकर तपासत होतं, हॅलो हॅलो. भाईंनी डिस्क सोडली नाही. मग घरघर अडखळली, एकदा कट असा आवाज झाला आणि ती थांबली. भाईंनी बराच वेळ तशीच धरून ठेवली. नंतर उलटी केली, सरळ केली, कानाशी नेली. परत ती फिरली नाही.

आलेली फाईल एकच होती. पाणीपुरवठ्याची दुसरी. तीही पूर्ण नाही, भाई म्हणाले, मधूनच तुटली आहे, पण सुरुवातीचं ऐकू येईल. दुकानात लावू का म्हणाले. मी नको म्हटलं. त्यांनी ती पेनड्राइव्हवर घातली, माझ्या मोबाईलमध्येही घातली, कॉम्प्युटरला नवी डिस्क बसवून दिली आणि स्वतः ऑटो ठरवून मला घरी सोडलं.

मी हातपाय धुतले, चहा केला. चहा घेतला नाही. आतल्या खोलीत जाऊन पंखा बंद केला आणि मोबाईल लावला.

आधी यांचं खाकरणं. मग तो गावाला दाखवायचा भारदस्त आवाज: "वसमत शहरातील सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, उद्या..." आणि कुकरची शिट्टी. हे थांबतात. एक उसासा. आणि त्यानंतर मी. लांबून, स्वयंपाकघरातून, पण स्पष्ट. माझा आवाज इतका चढा होता हे मला माहीत नव्हतं. मी म्हणते आहे, झाली का शिट्टी, आता माझ्या नावानं शिमगा करा. पंखा बंद, खिडकी बंद, मी आता श्वासबी बंद करू का? अख्ख्या गावाला उद्या काय हाय ते सांगून राहिलात, घरात मेलं एक शब्द बोलत न्हाई. तुमच्या मनात काय हाय ते कळायला मी बी ऑटोच्या मागं पळू का?

मध्ये भांडं आपटल्याचा आवाज आहे. मी बोलतेच आहे. डाळ करपली ते, चुलत नणंदेच्या लेकराच्या बारशाला हे आले नाहीत ते, सगळं एका दमात. हे मध्ये बोलत नाहीत. कान देऊन ऐकलं तर यांची खुर्ची करकरते आणि श्वास ऐकू येतो. आपली बाजू मांडायची नसली की हे नाकाने सावकाश श्वास घ्यायचे, तसा. ती घोषणा वाचायला हाती घेतलेला कागद खाली ठेवल्याचाही आवाज आहे. हे माईकपासून उठले असावेत, पण बंद करायला विसरले.

मग माझं संपतं.  दाराशी पावलं वाजतात आणि यांचा आवाज येतो, घोषणेचा नाही, घरातला. "अगं," म्हणतात, आणि पुढचा श्वास घेतात.

तिथे फाईल तुटते. मी ती रोज ऐकते. त्या दुपारी यांनी पुढे काय सांगितलं, ते मला काही केल्या आठवत नाही.